स्वस्त टॅब घेण्याआधी विचारा, "याचा कॉम्बो मिळतो का?"

गेल्या जूनमध्ये एक मामा दुकानात आले. हातात पिशवी, पिशवीत पंचा आणि पंचात गुंडाळलेला टॅब. नातीसाठी साडेआठ हजारांना घेतलेला, जेमतेम सात महिने वापरलेला, कॉटवरून पडून कोपऱ्यातून तडकलेला. मी मागचा मॉडेल नंबर बघितला आणि मामांना आधी खुर्ची दिली.

सुट्या भागासाठी पुण्यात तपकीर गल्लीत फोन लावला. मुंबईत मनीष मार्केटला लावला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, "त्याचा कॉम्बो येत नाही." कॉम्बो म्हणजे डिस्प्ले आणि वरची टचची काच एकत्र चिकटवून आलेला भाग. टॅब एखाद्या सीझनपुरता विकला गेलेला असला की त्याचे सुटे भाग बाजारात कुणी आणतच नाही. विकणाऱ्याने विकला, घेणाऱ्याने घेतला, आणि फुटल्यावर तो माझ्या टेबलावर आला.

मामांच्या टॅबचा डिस्प्ले दिसत होता, फक्त टच मेला होता. मी शंभर रुपयांची ओटीजी पिन लावली, तिला दुकानातला एक माउस जोडला. स्क्रीनवर बाण आला. नात आता टॅब माउसने चालवते.

"एवढंच?" मामा म्हणाले.

"एवढंच, मामा. यापुढं काय जमत नाही."

कराडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान २०११ पासून आहे. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला दिल्लीत त्या वेळचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त 'आकाश' टॅब जगाला दाखवला होता. सात इंची स्क्रीन, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि टच रेझिस्टिव्ह, म्हणजे बोट टेकवून भागायचं नाही, दाबावं लागायचं. त्या काळातले तसलेच इतर सात इंची टॅब माझ्याकडे यायचे. लोक नखाने दाबून दाबून मधोमध खड्डा पाडून आणायचे. तेव्हापासून आजपर्यंत स्वस्त टॅब किती सुधारले हे मला पोटातून माहीत आहे, त्यांच्याही पोटातून. आज आठ ते पंधरा हजारांत मिळणारा टॅब ही चांगली वस्तू आहे. फक्त ती कुणासाठी चांगली आणि कुणासाठी डोकेदुखी, हे दुकानातला सेल्समन सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

आधी घरचंच उदाहरण. आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्यानंतर तिला मी ८.७ इंची टॅब दिला. मोबाइलवर तिला हरिपाठ वाचता यायचा नाही, अक्षर मोठं केलं की ओळी तुटायच्या आणि ती म्हणायची, "अभंग आहे का भेळ?" टॅबवर अभंगाचा एक चरण एका ओळीत बसतो. सकाळी हरिपाठ, दुपारी कीर्तन, संध्याकाळी पुण्यातल्या बहिणीशी व्हिडिओ कॉल. एवढी तीनच कामं. ती तीन वर्षं तो टॅब वापरते आहे आणि एकदाही 'हँग होतो' म्हणाली नाही. त्याच किमतीचा, त्याच रॅमचा टॅब माझ्या भाच्याने चार महिन्यांत कंटाळून कपाटात टाकला. त्याला त्यावर गेम खेळायचा होता, व्हिडिओ कापायचे होते, शिवाय अभ्यासही करायचा होता.

घ्यायच्या आधी म्हणून एक कागद घ्या आणि टॅबवर रोज होणारी कामं लिहा. वाचणं, बघणं, बोलणं, फॉर्म भरणं, पोराचा क्लास, दुकानाची बिलं, जे असेल ते. तीनच्या आत कामं बसली तर बजेट टॅब घ्या. यादी लांबत गेली आणि त्यात 'गेम' किंवा 'एडिटिंग' आलं, तर पैसे साठवून वरचा घ्या, किंवा जुना लॅपटॉप बघा. हा माझा धंद्याविरुद्धचा सल्ला आहे, कारण दुसऱ्या प्रकारचे लोक माझ्याकडे जास्त वेळा येतात.

मग आकार. लोक म्हणतात, "मोठा द्या." मोठा कशासाठी, याचा हिशोब करा. शाळेची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, क्लासवाले नोट्स ए-फोर कागदाच्या मापात पाठवतात. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. अकरा इंची टॅब उभा धरला की त्याची रुंदी साधारण पावणेपंधरा सेंटिमीटर भरते, म्हणजे पान ७० टक्क्यांवर येतं. ८.७ इंचीची रुंदी सव्वाअकरा सेंटिमीटर, तिथं पान जवळजवळ निम्मं होतं. छापील बारा पॉइंटचं अक्षर तिथं साडेसहा पॉइंटचं दिसतं. दहावी-बारावीच्या पोराला रोज दोन बोटांनी पान ताणत अभ्यास करायला लावायचं नसेल तर अकराच इंच.

आईसाठी मात्र मी मुद्दाम छोटा घेतला. आडवं पडून, एका हातात धरून ऐकायचं म्हटल्यावर वजन आलं. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए-नाइन साडेतीनशे ग्रॅमच्या आत आहे, रेडमी पॅड एसई पावणेपाचशेच्या वर. कागदावर सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा फरक, पण सत्तरी पार केलेल्या मनगटाला तो दहा मिनिटांत कळतो. शिवाय आईला पीडीएफ वाचायच्या नव्हत्या. हरिपाठाच्या ॲपमध्ये अक्षर हवं तेवढं वाढवता येतं, पानाच्या मापाला ते बांधलेलं नसतं.

आता तो मुद्दा, ज्यावरून माझ्या दुकानात सगळ्यात जास्त नवरा-बायकोची भांडणं झालीत. फक्त वाय-फायचा टॅब घ्यायचा की सिमवाला? वाय-फायवाला दोनेक हजारांनी स्वस्त पडतो, म्हणून बहुतेक जण तोच उचलतात. घरात ब्रॉडबँड असेल तर अगदी बरोबर. नसेल तर टॅबला इंटरनेट बापाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. बाप सकाळी सातला कामावर गेला की टॅब मुका. पोरगं शाळेतून पाचला येतं, बाप नऊला. अभ्यासाचा वेळ सगळा त्या मधल्या चार तासांत. ओगलेवाडीच्या एका ताईंनी हे सगळं मला हिशोबासकट सुनावलं होतं, जणू टॅब मीच विकला होता. अशा घरी सिमवालाच घ्या, आणि त्या सिमला दर महिन्याला वेगळा रिचार्ज लागणार हे किमतीत आधीच धरा. वाय-फायवाला घेऊन बसला असाल तर रात्री बाप घरी आल्यावर दुसऱ्या दिवसाचे व्हिडिओ आणि पीडीएफ डाउनलोड करून ठेवायची सवय लावा.

वाय-फायवाल्या टॅबची आणखी एक उणीव लोकांना घरी गेल्यावर कळते. यूपीआय ॲप त्याच यंत्रातल्या सिमवरून बँकेला एसएमएस पाठवून नंबर पक्का करतं. सिम नाही तर यूपीआय नाही. दुकानदाराला ही अडचण आहे. आईच्या बाबतीत मला हा फायदा वाटला. तिच्या टॅबवर बँक नाही, ओटीपी येत नाही, कुणी लबाडीने काही दाबायला लावलं तरी पैसे जायला वाटच नाही. व्हॉट्सॲपही तिचं फोनवरच ठेवलंय. तुम्हाला टॅबवर हवं असेल तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून कोड स्कॅन करून जोडता येतं, नवा नंबर लागत नाही. एका फोनला अशी चार यंत्रं जोडता येतात.

बॉक्सवरचे आकडे वाचायचे कसे, हे थोडं सांगतो. '४+४ जीबी रॅम' असं लिहिलेलं असतं त्यातली खरी रॅम, म्हणजे चालू कामाची जागा, पहिली चार. दुसरी चार म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरायचा, आणि बजेट टॅबमधलं स्टोरेज बहुधा ईएमएमसी जातीचं असतं, मुळातच हळू. ते म्हणजे ओट्यावर जागा पुरत नाही म्हणून भांडी माळ्यावर ठेवायची आणि दर वेळी शिडी लावायची. ती दुसरी चार हिशोबात धरू नका. चार जीबी खरी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज, याच्या खाली आज जाऊ नका. ३२ जीबीच्या टॅबमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीची ॲपच इतकी जागा खातात की वर्षभरात 'स्टोरेज फुल'ची पाटी लागते, आणि स्टोरेज गळ्यापर्यंत भरलं की ईएमएमसी आणखी रडतं. मेमरी कार्डची जागा असेल तर चांगलंच, त्यात व्हिडिओ आणि पीडीएफ टाका. ॲप मात्र आतच राहू द्या.

मेगापिक्सेलकडे बघूच नका. टॅबचा मागचा कॅमेरा वहीचं पान काढून सरांना पाठवण्यापुरता. ९० हर्ट्‌झ, १२० हर्ट्‌झ हेही, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडाही, सोडून द्या.

एक आकडा बॉक्सवर नसतो आणि तो महत्त्वाचा आहे. ओटीटीवर सिनेमे बघणार असाल तर टॅबला 'वाइडवाइन एल-वन' हवं, म्हणजे सिनेमाची चोरी रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी. ते नसेल, 'एल-थ्री' असेल, तर स्क्रीन कितीही चांगली असू दे, नेटफ्लिक्ससारखी ॲप चित्र ४८० पिक्सेलच्या पुढे जाऊ देत नाहीत. 'डीआरएम इन्फो' नावाचं छोटं फुकट ॲप आहे, ते टाकलं की अर्ध्या मिनिटात कळतं. यूट्यूबला हे बंधन नाही. कीर्तन ऐकणाऱ्यांनी काळजी करू नये.

ऑनलाइन सेलमध्ये 'दहा इंच, १२ जीबी रॅम, 5जी, फक्त ५,९९९' असल्या जाहिराती दिसतात, नाव कधी न ऐकलेलं. असे दोन मी उघडलेत. सेटिंगमध्ये बारा जीबी दिसतं, कारण तिथं काय दिसावं हे सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येतं. बोर्डवरची चिप वेगळंच सांगत होती. बॅटरीवर छापलेली क्षमता एक, आणि वजन हातात घेतल्यावर कळणारी दुसरी. त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा थोड्या जुन्या मॉडेलचा टॅब सेलमध्ये घ्या. ए-नाइन २०२३ च्या अखेरीस आला, पॅड एसई आपल्याकडे २०२४ मध्ये. अशी मॉडेलं बाजारात भरपूर विकली गेली की त्यांचे कॉम्बो, बॅटऱ्या, कव्हरं सगळं निघतं. गर्दीचं मॉडेल घेण्यात कमीपणा नाही. उलट तीच तुमची वॉरंटी संपल्यानंतरची वॉरंटी.

आणि म्हणून शीर्षकातला प्रश्न. मॉडेल नक्की केलंत की पैसे द्यायच्या आधी तुमच्या गावातल्या रिपेअरिंगवाल्याला फोन करा, मॉडेल नंबर सांगा आणि विचारा, "दादा, याचा कॉम्बो मिळतो का, आणि बसवून किती?" त्याने अर्ध्या तासात आकडा सांगितला तर टॅब घेण्यासारखा. 'बघून सांगतो' म्हणाला आणि सांगितलंच नाही, तर समजून जा. आकडा टॅबच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर कव्हरवर हात आखडू नका. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे तेही त्याच वेळी बघा. ग्राहक व्यवहार विभागाचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, त्यावर बऱ्याच कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळते. बिल जीएसटीचंच घ्या. कंपनी वॉरंटीत टाळाटाळ करायला लागली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि तिथं तक्रार करताना पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

एक उलटी गंमत सांगतो, जी कुठल्या रिव्ह्यूमध्ये नसते. काही स्वस्त टॅबमध्ये काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले नसतात, मध्ये हवेची फट असते. दिसायला ते हलकं वाटतं, चित्र काचेच्या खाली थोडं खोल गेल्यासारखं दिसतं, बोट टेकवलं की टपटप पोकळ आवाज येतो. रिव्ह्यूवाले नाकं मुरडतात. पण फुटली काच तर फक्त काच बदलता येते, डिस्प्ले वाचतो, आणि खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. लहान पोरांच्या घरात मी तसलाच टॅब पसंत करेन.

दुकानात गेलात की डेमो पीसवर सेल्समनने लावलेला रंगीत फुलांचा व्हिडिओ बघत बसू नका. त्या व्हिडिओत कुठलाही टॅब चांगला दिसतो. स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावा, बालभारतीचं एखादं गणिताचं पुस्तक उघडा आणि पानं भराभर सरकवा. पान पांढरं राहून मग अक्षरं उमटत असतील तर घरीही तसंच होणार. टॅब ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि अक्षर दिसतं का बघा. काही टॅबला उजेडाचा सेन्सरच नसतो, ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होत नाही, म्हाताऱ्या माणसाला ते फार जाचतं. आवाज पूर्ण वाढवून कुणाचं तरी बोलणं लावा, गाणं लावू नका. गाण्यात फाटका स्पीकर लपतो, बोलण्यात लपत नाही. सेटिंगमध्ये 'अबाउट टॅबलेट' उघडून सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल तर कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली असण्याची शक्यता आहे.

घरी आणल्यावर पहिल्या तासात 'हळू चालतोय' म्हणून परत पळू नका. नवा टॅब सुरू झाला की मागे एकदम चाळीसेक ॲप अपडेट होत असतात. चार्जिंगला लावून, वाय-फाय देऊन तासभर एकटा सोडा. मग नको ती ॲप काढा. जी निघत नाहीत ती 'डिसेबल' करा. प्ले स्टोअरमधलं आपोआप अपडेट बंद करून महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी हाताने करा. स्वस्त टॅब एका वेळी एकच ओझं नीट उचलतो. पोरगं क्लास बघत असताना मागे अपडेट चालू झालं की क्लास अडकतो आणि शिव्या टॅबला पडतात.

आईच्या टॅबचं पहिलं पान मी असं केलंय: चार आयकॉन, मोठे, बाकी काही नाही. सेटिंगमध्ये 'फॉन्ट साइज' आणि 'डिस्प्ले साइज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वाढवा. नुसतं अक्षर वाढवून बटणं बारीकच राहतात. स्क्रीन बंद होण्याची वेळ दहा मिनिटं, नाहीतर अभंगाचा अर्थ लावेपर्यंत अंधार होतो. 'ऑटो रोटेट' बंद, कारण कुशीवर वळलं की पानही वळतं. कीबोर्डमध्ये मराठी टाकून माइकचं बटण दाखवून ठेवलं. ती आता "कीर्तन" असं बोलते आणि मिळवते. पहिल्यांदा तिने माइकला "अहो" म्हणून हाक मारली होती.

लहान मूल असेल तर गुगलचं 'फॅमिली लिंक' लावा, रोजचा वेळ आणि झोपायची वेळ दोन्ही बांधता येतात. आणि 'ॲप पिनिंग' शिका. सेटिंगमध्ये पिन नंबर विचारायचा पर्याय चालू करून एक ॲप पिन केलं की पिन नंबर टाकल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. पुस्तकाचं ॲप पिन करून टॅब हातात दिला की पोरगं गेमकडे सटकत नाही. निदान तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याला पिन नंबर माहीत झालेला असतो.

लिहायचं पेन म्हणून जे दीडशे रुपयांना मिळतं ते रबरी टोकाचं बोट आहे, दुसरं काही नाही. हात स्क्रीनला टेकला की रेघा भलतीकडे उमटतात. टॅबवर नोट्स लिहिण्याची स्वप्नं असतील तर पेन चालणारं मॉडेलच बघून घ्या, आणि ते सहसा या किमतीत नसतं.

आता बॅटरी, माझा रोजचा पाहुणा. टॅबच्या बॅटऱ्या दोन तऱ्हांनी मरतात. पहिली तऱ्हा: चोवीस तास चार्जिंगला. हॉटेलात मेनू दाखवायला, दवाखान्यात नंबर लावायला, देवघरात दिवसभर भजन लावून. लिथियमच्या बॅटरीला शंभर टक्के भरलेलं राहणं आणि गरम राहणं, दोन्ही सोसत नाही. वर्ष-दीड वर्षात ती फुगते, मागचं झाकण उचलतं, कधी डिस्प्ले आतून ढकलून फोडते. हल्ली पुष्कळ टॅबमध्ये ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, सेटिंगमध्ये बॅटरीच्या खाली शोधा. नसेल तर टायमरवाला प्लग लावा. टॅबचं झाकण उचललेलं दिसलं तर दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्जर काढा, टॅब बंद करा आणि आणून द्या. एका हॉटेलवाल्याने वर वजन म्हणून डोशाचा दगडी वरवंटा ठेवला होता. सुदैवाने तो मला फोनवर हे सांगत होता, अजून ठेवून फार वेळ झाला नव्हता.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. कोरोनात पोरांच्या क्लाससाठी घेतलेले टॅब शाळा सुरू झाल्यावर कपाटात गेले, ते तसेच. सहा-आठ महिन्यांनी काढले तर सुरूच होईनात. बॅटरी रिकामी होऊन इतकी खाली गेलेली असते की चार्जरला ती ओळखच देत नाही. आम्ही म्हणतो, बॅटरी झोपली. असा टॅब फेकू नका. चांगल्या चार्जरला तीन-चार तास लावून ठेवा, स्क्रीनवर काही दिसलं नाही तरी. नाही उठला तर आमच्याकडे आणा, बूस्टर लावून बहुतेक वेळा उठतो. कपाटात ठेवायचाच असेल तर निम्मा चार्ज करून बंद करून ठेवा आणि गणपती, दिवाळी, गुढीपाडवा अशा सणांना बाहेर काढून परत निम्मा करा.

चार्जिंग हळू होतं म्हणून रोज दोघं-तिघं विचारतात. ८,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ३१ वॅट-अवर. दहा वॅटच्या चार्जरने ती भरायला तीन तासांच्या वरच लागणार, त्यात बिघाड काही नाही. बॉक्समधला चार्जर किती वॅटचा आणि टॅब किती घेतो, दोन्ही आकडे बघा. बऱ्याचदा टॅब जास्त घेऊ शकतो आणि चार्जरच दुबळा दिलेला असतो.

चार्जिंगचा जॅक सैल होणं हा तिसरा आजार, आणि तो शंभर टक्के माणसाने लावलेला. चार्जिंग लावूनच टॅब पोटावर उभा करून बघतात, सगळा भार त्या पिनवर येतो. माझ्याकडे जॅक बदलायचे चारशे ते सहाशे होतात. आडवं पडून बघायचं असेल तर केबल बाजूच्या अंगाला येईल असा टॅब फिरवा. आणि कव्हर घेताना नक्षी बघू नका, चारही कोपरे बघा. पोरांसाठी जाड फोमचं, हँडलवालं मिळतं, दिसायला खेळण्यासारखं आहे, पण ते लावलेला टॅब माझ्याकडे अजून फुटून आलेला नाही.

टॅब दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल, विकायचा असेल, तर आधी सेटिंगमधून आपलं गुगल अकाउंट काढा आणि मगच रीसेट मारा. उलट केलंत तर तो नव्या माणसाकडे जुन्याचा ईमेल आणि पासवर्ड मागत बसू शकतो. जुना टॅब विकत घेतानाही हेच. समोरच्यासमोर रीसेट करून, सुरू करून, पहिल्या पानापर्यंत नेऊन बघा. 'घरी जाऊन पासवर्ड पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही घरी जाऊनच पाठवा. शाळेने किंवा संस्थेने दिलेल्या टॅबला वेगळंच कुलूप असतं, ते दुकानात उघडायचा हट्ट करू नका. मी करत नाही.

परवा मामा परत आले. टॅब नव्हता, नुसता माउस होता, डावं बटण गेलेला. नातीने तिमाहीचा सगळा अभ्यास त्याच्यावर ओढला म्हणे. नवा माउस दिला, दीडशे रुपये घेतले. जाता जाता मामांनी विचारलं, "याचा कॉम्बो मिळतो ना?"